घराला लावलेलं

खिरीला दूध कमी पडणार, हे संध्याने सकाळपासून दोनदा बोलून दाखवलं. पण ऐकायला घरात कुणी मोकळं नव्हतं. नवरा अंगणात मांडववाल्याशी हुज्जत घालत होता. दीर, प्रेमानंद, कालच पुण्याहून आला होता आणि आल्यापासून बोळात उभा राहून घराचे फोटो काढत होता, परक्याचं घर असल्यासारखे. नणंद ज्योती मात्र आखाडा बाळापूरहून पहिल्या एसटीने आली, पांढरी साडी खोचली आणि न सांगता कांदे चिरायला बसली. सोजराबाईंना जाऊन आज वर्ष होत होतं. भंतेजी दुपारच्या आधी येणार, वंदना होणार, मग जेवणं. सासूबाई असत्या तर त्यांनी दूध कालच आणून ठेवलं असतं आणि वर 'कमी पडंल, कमी पडंल' म्हणून सगळ्यांना हैराण केलं असतं.

"वहिनी, ती नोटीस कुठं हाय?" ज्योतीने डोळे पुसत विचारलं. कांद्याचंच पाणी होतं, पण आज कुणाला ते खरं वाटलं नसतं.

"फ्रिजवर लावली. येता-जाता दिसावी म्हणून. तुमच्या दादाला तेवढी दिसत न्हाई."

नोटीस नगरपालिकेची होती. उन्हाळ्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठिणग्या उडाल्या आणि शिकायला राहिलेल्या एका मुलीची गादी जळाली. मुलीला काही झालं नाही, पण तिच्या बापाने तक्रार केली, आणि त्याचं काही चुकलं असं संध्याला कधी वाटलं नाही. मग बांधकाम विभागाचा माणूस टेप घेऊन आला, घर मोजून गेला, आणि मागून हा कागद आला. लोखंडी जिना रस्त्याच्या हद्दीत. गच्चीवरची खोली विनापरवाना. एकाच मीटरवरून सगळ्या खोल्यांना ओढलेल्या वायरी. महिन्याच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर वरचा मजला रिकामा करून सील करू. आणि अगदी शेवटी, खालची पहिली खोली राहण्यास अयोग्य, कारण तिची खिडकी बुजवलेली. हे शेवटचं कलम संध्याने कुणाला मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं. ती सासूबाईंची खोली होती, आणि खिडकी प्रेमानंदने बुजवली होती.

"वरच्या पोरी कुठं जातील मग?"

"मोहिनीलाच इचारा," संध्या म्हणाली. मोहिनी पत्र्याच्या खोलीत राहायची, फार्मसीला होती, कळमनुरीकडची. "इथं यायच्या आधी तिनं गावभर खोली शोधली व्हती. फोनवर समदे गोड बोलतेत. मग इचारतेत, पूर्ण नाव काय? आडनाव सांगितलं की म्हणतेत, अगं बाई, खोली तर कालच गेली."

"अजून?"

"अजून. बोलायची तऱ्हा तेवढी सुधारली."

ज्योतीने विळी बाजूला सारली. "पेमानं मला बी फोन केला व्हता. नांदेडचा कुणी बिल्डर हाय म्हणं. घर पाडायचं, फ्लॅट बांधायचे, तिघा भावंडांला एकेक. सही मागून राहिला."

"मग?"

"मी म्हणलं, दादा म्हणंल तसं."

"तुमचे दादा कायबी म्हणत न्हाईत, ताई. पाडू देत न्हाईत अन् विकू बी देत न्हाईत. मला इचाराल तर विकायचं न्हाई. पण जे पाडायचं ते पाडायचं. पोरींच्या उशाला जळकी वायर ठिऊन मला रातची झोप येत न्हाई." तिने खिरीत डाव इतक्या जोरात फिरवला की दूध ओट्यावर सांडलं, आणि आता ते नक्की कमी पडणार होतं.

*

संध्याचा नवरा प्रमोद जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला माणूस. वर्गात शिस्तीचा आणि घरात भिडस्त. ह्या जिन्याला तो एक दिवस 'जिना' म्हणाला नव्हता. तो 'रामप्रसादचा जिना' होता. वरची 'खेमाची खोली'. दिवे लागले की 'जगनची लाईट आली'. नोटिशीत ज्याला उल्लंघन म्हटलं होतं, त्याला ह्या घरात माणसांची नावं होती.

सगळं बा-मायपासून सुरू झालेलं. बाप नरसिंग शिरड शहापूरहून हिंगोलीला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला आला, तेव्हा नवराबायको खोलीसाठी दारोदार फिरले, आणि आडनाव सांगितलं की दार लागायचं. शेवटी गावाबाहेर माळाचा हा तुकडा घेतला, एक खोली बांधली, मग एकेक करत आणखी बांधल्या आणि खेड्यापाड्यातून शिकायला येणाऱ्या पोरांना दिल्या. सोजराबाईंचा एकच नियम होता. आडनाव विचारायचं नाही. पोरगं कितवीला आहे तेवढं विचारायचं. त्यात सगळ्या जातीची पोरं आली. त्यातलं कुणी नोकरीला लागलं की पहिल्या पगारात येऊन घराला काहीतरी लावून जायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पडली ती रीत. 'घराला लावणं' म्हणायचे तिला. रामप्रसाद एसटीत लागला, त्याने लोखंडी जिना दिला. खेमा तलाठी झाला, त्याने गच्चीवर खोली घातली. जगन आयटीआय करून लाईनमन झाला, त्याने प्रत्येक खोलीत दिवा दिला, तोही घरच्या मीटरवरून, म्हणजे कुणाला वेगळं बिल नको. परवानगी, हद्द, मंजुरी असले शब्द कुणाच्या डोक्यातही आले नाहीत. आणि माय कधी कुणाला नको म्हणाली नाही. 'आपल्याला लोकांनी दारावरून परत लावलं,' ती म्हणायची, 'आपण कुणाला परत लावायचं न्हाई. देणाऱ्याला बी न्हाई.' प्रमोदला ते शब्द आठवले.

"दादा, इथं का बसलास?" प्रेमानंद समोर येऊन उभा राहिला. "भंतेजी येतील आता."

"येऊ दे. मी हाय की तयार."

"उद्या सकाळी तो माणूस येतोय. फक्त बघायला. तू भेट तरी."

"काहून भेटू?"

"कारण तू काहीच करत नाहीस म्हणून!" प्रेमानंदचा आवाज चढला. "सील लागलं तर घरही जाईल आणि पोरीही जातील. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं."

"पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय?"

"आणि एखादी पोरगी त्या तारेला चिकटली तर? पोलीस पुण्याला येणार नाहीत दादा, तुझ्या दारात येतील. मला झोप येत नाही तिकडं."

प्रमोदला दचकायला झालं. बायको अगदी हेच म्हणत होती, उन्हाळ्यापासून. दोघांनी मिळून ठरवलं की काय?

"ह्या घरात मायनं ज्याला जागा दिली ते मी काढणार न्हाई," तो म्हणाला. "तू सही माग, न्हाई तर कोर्टात जा."

"आणि मायच्या खोलीतल्या माझ्या कपाटाचं काय? ते पण तर घराला लावलेलंच आहे. त्याला कुणी बोट लावू शकत नाही, कारण ते नीट बांधलंय. सागवानी चौकट, काचेची दारं. माय शेवटपर्यंत त्याच्यासमोरून हलली नाही." बोलता बोलता प्रेमानंदचा चेहरा मऊ झाला. एवढ्या एका बाबतीत आपण मोठ्या भावाच्या पुढे आहोत, असं त्याला मनातून वाटत आलं होतं.

प्रमोदने मान खाली घातली. शेवटचं कलम त्याने वाचलं होतं. धाकट्या भावाला ते सांगायचं त्याच्याने झालं नाही.

*

वंदना झाली. भंतेजींनी थोडं बोलून पुण्यानुमोदन केलं, खीर वाढली गेली, आणि ती पुरली. दुपार कलली, माणसं पांगली, तेव्हा मागे राहिला तो रामप्रसाद. पुसेगावकडच्या मेंढपाळाचं पोरगं, आता एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्तीला आलेलं, टक्कल पडलेलं, तरी ज्योतीच्या डोळ्यांसमोर तो अजून चप्पल हातात घेऊन दारात उभा राहिलेला पोरगाच होता. तेव्हा तिने त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला होता आणि त्याने आधी विचारलं होतं, 'मी पिऊ का ह्याच्यातून?' माय आतून ओरडली होती, 'पी की, तुझ्या घरी काय हाताच्या ओंजळीनं पितेत का?'

अंगणात सतरंजीवर सगळे बसले. प्रमोदने आज सगळी भिस्त रामप्रसादवर ठेवली होती.

"रामा, तूच सांग ह्यांला. तुझा जिना पाडायचा म्हणतेत."

रामप्रसादने सुपारी कातरली, तोंडात टाकली. "पाडा की."

"आरं?"

"आता तसा बी डगमगतोय तो. मघाशी चढलो, तर माझंच काळीज हाललं. रस्त्यात हाय तर रस्त्यात हाय. अंगणातून घेऊ दुसरा. मी येतो वेल्डिंगला." तो हसला. "दादा, मी मेंढरामागचं पोरगं. मुक्काम हलला की आमी जाळी गुंडाळतो, काठ्या उपटतो, अन् पुढल्या रानात लावतो. जुन्या रानात काठी ठिऊन कुणी जातं का?"

"पण तू दिलेला व्हता ना मायला!"

"म्हणून तर म्हणतो. पोरी पडल्या त्याच्यावरून, तर माय मला काय म्हणंल?"

ज्योतीने भावाकडे पाहिलं. तो एकटा पडला होता. सकाळी तिने 'दादा म्हणंल तसं' म्हटलं होतं, पण नर्सच्या नोकरीत तिने भाजलेली माणसं पाहिली होती. ती हळूच सरकून संध्याच्या शेजारी बसली. प्रमोदने ते पाहिलं.

"ज्योती, तू बी?"

"दादा, वायर काढू. खेमाची खोली बी काढू. खेमा समजून घेईल."

"मग ठिवायचं काय?" प्रमोदचा आवाज फाटला. एवढा मोठा माणूस, शाळेत पोरं त्याला टरकायची, आणि आता त्याचे ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. "जिना काढा, खोली काढा, लाईट काढा. समदं काढल्यावर मायचं काय राहतंय इथं?"

प्रेमानंदने ती वेळ बरोबर हेरली.

"म्हणूनच म्हणतो, विकून टाकू. आठवण घरात नसते दादा. आणि नाहीतरी दुरुस्ती चालू असताना पोरींना ठेवणार कुठं?"

"मायच्या खोलीत," संध्या म्हणाली. "वर्ष झालं, कुलूप लावून ठिवलीय. चार पोरी आरामात राहतील."

"मग प्रश्नच नाही. द्या ना."

"देता येत न्हाई. राहायला अयोग्य हाय ती. नोटिशीत लिहिलंय."

"माझं कपाट असलेली खोली? का?"

संध्याने नवऱ्याकडे पाहिलं. प्रमोदने 'नको' म्हणून हात हलवला. पण संध्या ह्या घरात सून म्हणून आली तेव्हापासून सासूच्या मागे-पुढे राहिली होती, आणि आज तिला कुणाची भीड राहिली नव्हती.

"भाऊजी, तुमचे दादा इचारतेत की मायचं काय राहतंय. मी सांगते. जिना रामभाऊंचा, खोली खेमाची, लाईट जगनची. ह्या घरात मायचं म्हणून एकच व्हतं. ती खिडकी. मामंजींनी पहिली खोली बांधली तवा तिनं सोता मागून घेतली व्हती, बोळाकडं. तिथं बसून ती पोरांची वाट बघायची. तुमाला आठवतं ना?"

प्रेमानंदला आठवत होतं. शाळेतून येताना बोळाच्या कोपऱ्यावर वळलं की गजांमागे तिचा चेहरा, आणि तिची ती हाक, 'आलास का रं?' प्रत्येक पोराला. हात-पाय धुण्याच्या आधी, भुकेच्या आधी, ती हाक.

"पण कपाटाला जागा... गवंडी म्हणाला, खिडकीत बसवलं तर भिंत फोडावी लागणार नाही. तिची लुगडी पत्र्याच्या पेटीत कुजत होती वहिनी. मला पहिला पगार झाला होता. मी फोनवर म्हटलं, बसव. माय तर म्हणाली, लई चांगलं झालं."

"ती कुणाला नको म्हणाली का आजवर?"

"आणि मग ती त्याच्यासमोर बसायची! रोज! मी येईन तेव्हा तिथंच. माझा फोटो ठेवला होता तिनं त्यात."

"बसायची," संध्या म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. तिला ह्या माणसाची कीव आली. "आधी ती बाहेर दगडावर जाऊन बसायची, उन्हात, थंडीत. मग गुडघे गेले. मग तिनं खुर्ची कपाटासमोर लावली, दाराकडं पाठ करून. मी म्हणलं, माय, भितीकडं तोंड करून काय बसता? तर म्हणाली, अगं, काचंत दार दिसतंय की. कोण आलं, कोण गेलं, समदं कळतंय. पेमाला सांगू नको, त्याला वाईट वाटंल."

*

प्रेमानंदला उठायला वेळ लागला. खोलीचं कुलूप त्यानेच काढलं. आत वर्षाचा कोंडलेला वास होता. लाकडी खुर्ची तशीच, दाराकडे पाठ करून. तो तिच्यावर बसला आणि समोर पाहिलं. काचेत अंधुकसं दार, दारात उभी असलेली ज्योती, तिच्या मागे अंगणाचा उजेड, सगळं उलटं. त्याच काचेच्या आत त्याचा फोटो, पदवीच्या टोपीतला, हसरा. इतकी वर्षं त्याने मनात जपलं होतं की आई त्या फोटोकडे बघत बसायची. ती फोटोतून आरपार बघत होती, दारातून कोण येतंय म्हणून, आणि त्यात तो फार कमी वेळा आला होता.

तो रडला. ज्योती मध्ये आली नाही. तिने त्याला रडू दिलं.

"दादा," तो शेवटी बाहेर येऊन म्हणाला, "पहार कुठं हाय?" पुण्याची भाषा त्याच्या तोंडून कधी निघून गेली ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"पेमा, राहू दे बाबा. उद्या गवंडी बोलवू."

"न्हाई. मी लावलं, मीच काढतो. अन् त्या नांदेडवाल्याला मी येऊ नको म्हणून सांगतो. तू जिन्याचं बघ."

प्रमोद मागच्या पडवीत गेला आणि पहार घेऊन आला. दोघा भावांनी कपाट रिकामं केलं. पांढऱ्या साड्या, औषधाच्या रिकाम्या डब्या, कुणाकुणाच्या पेढ्यांचे जपून ठेवलेले खोके. संध्याने साड्या उराशी धरून बाहेर नेल्या. रामप्रसादने शर्ट काढून खुंटीला टांगला आणि काचेची दारं बिजागऱ्यांतून सोडवली, म्हणाला, "सागवान चांगलं हाय, पोरींला टेबल करू." मग मागची भिंत. गवंड्याने आळस केला होता, त्याचं भलं होवो. एकेरी वीट लावून मोकळा झाला होता. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला वीट बोळात पडली आणि भोकातून ऊन आत आलं. विटा उतरत गेल्या तसे जुने गज दिसायला लागले. ते काढलेच नव्हते कुणी. मधले दोन गज खालच्या बाजूला गुळगुळीत झाले होते, तिथे माय हात ठेवायची.

प्रमोदने त्या गजांना हात लावला आणि पटकन काढून घेतला. "हे राहतंय," तो म्हणाला. "हे तर राहतंय की."

संध्याने चहा टाकला. रामप्रसाद आणि ज्योती विटा गोळा करायला बोळात गेले, प्रमोद त्यांच्यामागे जिन्याची हद्द मोजायला. प्रेमानंद खोलीत एकटा उरला. अंगभर धूळ, तळहाताला फोड. त्याने आईची खुर्ची उचलली, फिरवली नाही, फक्त पुढे सरकवली, आणि खिडकीशी बसला. बोळ कोपऱ्यापर्यंत दिसत होता. समोर कुणाची तरी मोटारसायकल, एक शेळी, वाळत घातलेल्या मिरच्या.

कोपऱ्यावरून मोहिनी वळली. पाठीवर दप्तर, कॉलेज सुटून येत होती. घरी काय ठरलं असेल, ह्या धास्तीने मान खाली घालून चालत होती. ती भिंतीच्या समोर आली तेव्हा प्रेमानंदच्या तोंडून ते आपोआपच निघालं.

"आलीस का गं?"

मोहिनी जागच्या जागी थांबली. त्या भिंतीला खिडकी आहे, हे तिला माहीतच नव्हतं. तिने गजांमागच्या धुळीने माखलेल्या माणसाकडे पाहिलं, पायाखाली पडलेल्या विटांकडे पाहिलं, आणि दप्तराचा पट्टा सावरला.

"व्हय," ती म्हणाली, "आले."